दुःख वेगळे, आजार वेगळा

रोजेदाराच्या वाट्याला दोन आनंद असतात, असे हदीसमध्ये आले आहे. एक रोजा सोडतानाचा आणि दुसरा परमेश्वराच्या भेटीचा. दुसऱ्या आनंदाची वाट पाहावी लागते. पहिला मात्र रमजानमध्ये रोज संध्याकाळी येतो. मगरिबची अजान झाली, खजूर तोंडात गेला, त्यावर पाण्याचा घोट उतरला की दिवसभर सुकलेले चेहरे खुलतात. मुले भज्यांच्या ताटाकडे झेपावतात, म्हातारी माणसे हात उचलून शुक्र अदा करतात. बारामतीचा कसबा असो की इंदापूरचे जुने गावठाण, हे दृश्य घरोघरी सारखेच.

पण एखाद्या दस्तरखानावर असा एक माणूस बसलेला असतो, ज्याच्यापर्यंत हा आनंद पोहोचतच नाही. त्याने रोजा धरलेला असतो, नमाजही पढलेली असते. पण खजूर खाल्ला काय आणि माती खाल्ली काय, त्याला दोन्ही सारखेच. घरचे म्हणतात, दमला असेल. शेजारी म्हणतात, कसल्या तरी काळजीत दिसतो. तो स्वतः मनात म्हणतो, माझे ईमानच कच्चे आहे, म्हणून अल्लाहने हा आनंदही काढून घेतला. ज्यांच्या घरी रोजे नसतात त्यांनी दिवाळीची पहाट आठवावी. सगळे घर फराळाला बसले आहे आणि एकाच्या घशाखाली घास उतरत नाही, असा माणूस कोणत्याही घरात असू शकतो.

हा माणूस दुःखी आहे की आजारी? दुःखी माणसाला सोबत लागते, वेळ लागतो. आजारी माणसाला सोबतीबरोबर उपचारही लागतात. एकाला दुसऱ्याचा इलाज दिला की नुकसान होते, म्हणून हा फरक कळायला हवा.

शब्दांनी केलेली अडचण

मराठी आणि उर्दू या दोन भाषांत वावरताना एक गोष्ट वारंवार जाणवते. या आजारासाठी दोन्हीकडे धड शब्द रुळलेला नाही. उर्दूत गम आहे, उदासी आहे, मायूसी आहे. मराठीत दुःख आहे, खिन्नता आहे, नैराश्य आहे. आता सगळ्यांनी मिळून ‘डिप्रेशन’ हा शब्द घेतला आहे आणि तो कुठेही वापरला जातो. क्रिकेटचा सामना हरला, मोबाइलची काच फुटली, परीक्षेत चार गुण कमी पडले, की कॉलेजच्या कट्ट्यावर कुणी ना कुणी म्हणतेच, ‘‘डिप्रेशन आलंय यार.’’ याउलट ज्याला खरोखर हा आजार आहे तो हा शब्द सहसा उच्चारत नाही. तो म्हणतो, ‘‘डोकं जड असतंय, अंगात जीवच नाही.’’ आमच्या दख्खनी बोलणाऱ्या घरांतून ऐकू येते, ‘‘जी घबराता, दिल नै लगता.’’ असा माणूस महिनोन्महिने डोकेदुखीच्या गोळ्या घेत राहतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. मराठीत आपण या आजाराला नैराश्य म्हणतो आणि उर्दूत पुष्कळदा मायूसी म्हटले जाते. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ आशा सोडणे असाच आहे. ‘सोडणे’ म्हटले की ती माणसाची स्वतःची करणी ठरते. मग ‘आशा धर, सकारात्मक विचार कर’ असे सल्ले सुरू होतात. मुस्लिम घरात तर मायूसी या शब्दावर आणखी एक ओझे आहे. अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नये, ही कुरआनची स्पष्ट शिकवण आहे. त्यामुळे आजाराला मायूसी म्हटले की रुग्ण लगेच गुनहगार होतो. ज्या शिकवणीने दिलासा द्यायचा, तीच त्याच्यावर आरोपपत्रासारखी वाचली जाते.

उर्दूत आणखी एक शब्द आहे, अफसुर्दगी. तो फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी गोठणे, कोमेजणे हा अर्थ आहे. मला तो या आजाराच्या जास्त जवळचा वाटतो. कारण या आजारात माणूस फार रडतोच असे नाही. पुष्कळदा तो आतून गोठतो, रडूसुद्धा येत नाही. नदी गोठली म्हणून तिला कुणी दोष देत नाही.

दुःखाला धर्मात जागा आहे

श्रद्धावान माणसाने दुःखी होऊ नये, हा एक पसरलेला गैरसमज आहे. पैगंबरांच्या चरित्रात एका वर्षाचे नावच ‘आमुल हुज्न’, म्हणजे दुःखाचे वर्ष, असे आहे. हिजरतीच्या सुमारे तीन वर्षे आधी, इसवी सन ६१९ च्या सुमारास, पत्नी हजरत खदीजा (रजि.) आणि पाठीराखे चुलते अबू तालिब हे दोघेही पैगंबरांना अंतरले. हजरत खदीजांचे निधन रमजानमध्येच झाले असे परंपरा सांगते. त्या वर्षाला इतिहासकारांनी दुबळ्या ईमानाचे वर्ष म्हटले नाही.

पुढे मदीनेत पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले. एका सहकाऱ्याने आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा त्यांनी हे अश्रू म्हणजे दयेची खूण असल्याचे समजावले. कुरआनातील हजरत याकूब (अ.) यांची कथाही सर्वश्रुत आहे. मुलगा यूसुफच्या वियोगात रडून रडून त्यांची दृष्टी गेली. तरीही ते पैगंबरच राहिले.

आपल्याच रस्त्यावरचे उदाहरण घ्यायचे तर तुकाराम महाराजांचे. त्यांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते आणि सगळे गाव रस्त्यावर उतरते. १६३० च्या आसपासच्या महाभयंकर दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा दगावले, व्यापार बुडाला. ते दुःख त्यांनी लपवले नाही.

दुःखाला आपल्या समाजाने वेळापत्रकही दिलेले आहे. मुस्लिम घरात इतर नातेवाइकांसाठी तीन दिवसांचा शोक आणि पतीच्या मृत्यूनंतर पत्नीसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत असते. हिंदू घरात सावडणे, दहावा, तेरावा आणि मग वर्षश्राद्ध असते. या काळात शेजारून जेवण येते, माणसे येऊन बसतात, गेलेल्याच्या आठवणी निघतात. दुःखाचा इलाज आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. अडचण आजाराची आहे.

मात्र याच उदाहरणांचा एक गैरवापर होतो. ‘‘पैगंबरांनी एवढं सोसलं, तुला काय झालंय?’’ ‘‘तुकोबांवर केवढा प्रसंग आला, तू एवढ्यातेवढ्यावरून खचतोस?’’ संतांचा आणि पैगंबरांचा सब्र, म्हणजे धीर, आपण आजारी माणसाला मोजायची फूटपट्टी करतो. मधुमेहाच्या रुग्णाची साखर आपण अशा गोष्टी सांगून उतरवायला जात नाही.

बल्खचा अबू झैद

दुःख आणि आजार यांतला फरक अकराशे वर्षांपूर्वी एका मुस्लिम विद्वानाने लिहून ठेवला होता. त्याचे नाव अबू झैद अल-बल्खी. आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख प्रदेशात नवव्या शतकाच्या मध्यावर त्याचा जन्म झाला आणि ९३४ मध्ये तो वारला. भूगोलाच्या इतिहासात नकाशे काढणारा म्हणून तो ओळखला जातो. पण त्याने ‘मसालिह अल-अबदान वल-अनफुस’, म्हणजे शरीरांचे आणि मनांचे हित, या नावाचा एक ग्रंथही लिहिला. वैद्य शरीराविषयी ढीगभर लिहितात आणि मनाच्या आजारांकडे दुर्लक्ष करतात, अशी त्याची तक्रार होती.

बल्खीने दुःखाचे दोन प्रकार सांगितले. एकाचे कारण माणसाला ठाऊक असते. जवळचे माणूस गेले, संपत्ती गेली, हवी ती गोष्ट हातची सुटली. दुसऱ्याचे कारण त्या माणसालाही सांगता येत नाही. मनावर मळभ येते, कामात लक्ष लागत नाही, कशातच गोडी उरत नाही. पहिल्यासाठी त्याने समजूत, विचार आणि चांगली सोबत हा इलाज सांगितला. दुसऱ्याचे मूळ शरीरात आहे, असे सांगून त्याने शरीरावरच्या औषधोपचाराची शिफारस केली. रक्तातील दोषाची त्याची उपपत्ती आज टिकत नाही. पण असा माणूस पापी नाही, भुताने झपाटलेला नाही, तो रुग्ण आहे, ही भूमिका मात्र टिकली आहे. घरात जशी औषधे जवळ ठेवतो तसे धीर देणारे विचार निरोगी असतानाच गोळा करून ठेवावेत, असाही त्याचा सल्ला होता.

दोन घरे

आजचे वैद्यकशास्त्र बल्खीच्या एक पाऊल पुढे गेले आहे. कारण आहे की नाही एवढ्यावरच ते थांबत नाही. दोन घरे कल्पनेने डोळ्यांसमोर आणू.

समजा, इंदापूरच्या एका घरात पतीच्या निधनानंतरचा पहिला रमजान आहे. सहेरीला उठल्यावर हात सवयीने त्याची वाटी काढतो आणि बाईंचे डोळे भरून येतात. त्या रडतात, जेवण कमी झाले आहे, झोप उडाली आहे. पण नातवाचा पहिला रोजा असतो, त्याला नवे कपडे घालून फुलांचा हार घालतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू येते. शेजारच्या काकू येऊन बसल्या की त्या पतीच्या आठवणी सांगतात. दुःख लाटेसारखे येते आणि ओसरते. ‘मी निकामी आहे’ असे त्यांना वाटत नाही. हे दुःख आहे आणि त्याला वेळ द्यायला हवा.

समजा, बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी करणारा एक तरुण आहे. घरात कुणाचे काही झालेले नाही. पगार वेळेवर, मुलगी नुकतीच शाळेत जाऊ लागली आहे. तरी महिनाभर सकाळी उठताना छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते. मुलगी धावत आली तरी तिला उचलून घ्यावेसे वाटत नाही. तरावीहला उभा राहतो, पण काय पढले गेले ते कळत नाही. मशिनवर हात चुकतो. मी सगळ्यांवर भार आहे, हा विचार डोक्यातून जात नाही. कारण सापडत नाही म्हणून घरचे त्याला ‘नखरे’ म्हणतात. हा आजार आहे.

आता पहिल्या घरात पुन्हा वर्षभराने डोकावू. इद्दत कधीच संपली, पण बाई खोलीबाहेर येत नाहीत. अंगावरचे कपडे सैल झाले आहेत. नातू आला तरी मान वर होत नाही. मीच त्यांना वेळेवर दवाखान्यात नेले नाही, मी जगायच्या लायकीची नाही, असे त्या म्हणतात. इथे कारण सगळ्या गावाला ठाऊक आहे, तरीही हा आजार असू शकतो. कारण दिसले म्हणून आजार नाही, असे ठरवता येत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत पूर्वी जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरचे पहिले दोन महिने साधारणपणे हे निदान करू नये, अशी सूट होती. २०१३ मध्ये ती काढून टाकली गेली. साध्या दुःखाला आजाराचे लेबल लागेल, या भीतीने त्यावर बराच वादही झाला. भीती रास्त आहे, म्हणूनच डॉक्टर नुसते रडणे मोजत नाहीत.

ते काय पाहतात? मन सतत खिन्न असणे किंवा कशातच रस न उरणे, या दोनपैकी किमान एक गोष्ट हवी. शिवाय झोप, भूक, ताकद, एकाग्रता यांतले बिघाड, हालचाल मंदावणे किंवा जीव सारखा तगमगणे, स्वतःविषयी अपराधी किंवा निरुपयोगी वाटणे, मरणाचे विचार. अशा नऊपैकी किमान पाच गोष्टी जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे आणि कामधंदा, घरसंसार अडेल इतक्या प्रमाणात दिसल्या, तर आजार समजला जातो. थायरॉइड, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही असेच वाटू शकते. म्हणून रक्ततपासणी करायला सांगितली तर टाळू नये.

रमजानमध्ये ओळखायचे कसे?

या महिन्यात झोप मोडलेली असते, जेवणाच्या वेळा बदललेल्या असतात, दुपारी ताकद कमी पडते. म्हणजे आजाराच्या काही खुणा प्रत्येक रोजेदारात दिसणार. पण रोजाचा थकवा इफ्तारला उतरतो. दुपारी चिडचिड करणारा माणूस संध्याकाळी सरबत पिऊन थट्टा करू लागतो. आजारी माणसाचा चेहरा इफ्तारनंतरही बदलत नाही. म्हणून सुरुवातीला सांगितलेल्या त्या पहिल्या आनंदाकडे लक्ष ठेवावे. घरातल्या कुणाचा तो आनंद दिवसामागून दिवस हरवलेला दिसला, तर त्याच्या ईमानाची चौकशी न करता तब्येतीची करावी.

आणि ज्यांचे उपचार आधीपासून सुरू आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. रमजान लागला म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. नैराश्यावरील बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात. त्यांची वेळ इफ्तार किंवा सहेरीकडे नेता येते का, हे डॉक्टर सांगू शकतात. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही त्या कित्येक महिने चालू ठेवाव्या लागतात. अचानक सोडल्या तर चक्कर, बेचैनी येते आणि आजार उलटू शकतो. ज्यांना लिथियमची गोळी चालू आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरूच नये. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तात लिथियमचे प्रमाण वाढते आणि ते विषारी ठरू शकते.

कुरआनात ज्या ठिकाणी रोजांचा हुकूम आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी माणसाला सवलतही दिलेली आहे. रोजे नंतर पूर्ण करता येतात. ज्याला ते कधीच शक्य नाही, त्याच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याचा, म्हणजे फिदयाचा मार्ग आहे. ही सवलत फक्त तापाने फणफणलेल्यांसाठी नाही. आपल्या डॉक्टरांना आणि आपल्या आलिमांना, दोघांनाही विचारा. सवलत घेणारा माणूस अल्लाहचा हुकूम मोडत नाही, तो त्याच हुकमाचा दुसरा भाग पाळतो.

दुआ आणि दवा

इंदापुरात चांदशाहवली बाबांच्या दर्ग्यावर सर्व जातिधर्मांची माणसे जातात. मन शांत करायला माणूस दर्ग्यात, मंदिरात जाणारच, त्यात गैर काही नाही. उपचार करून घ्या, कारण अल्लाहने आजाराबरोबर इलाजही ठेवला आहे, या आशयाची शिकवण पैगंबरांचीच आहे. म्हणजे दवा घेणे हे दुआच्या विरुद्ध जात नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा और दुआ’ या उपक्रमात दर्ग्याचे सेवेकरी आणि मानसोपचार तज्ज्ञ एकाच आवारात काम करू लागले. याच्या उलट टोकाचे उदाहरण तमिळनाडूतल्या एरवाडीचे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे आणि मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे.

तरीही लोक जात नाहीत. निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या पाहणीत दर २० माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार झाल्याचे दिसले. वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचारांपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. आपल्या जिल्ह्यात तर ‘येरवडा’ हा शब्दच टोमणा म्हणून वापरला जातो. पण नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना कुठे दाखल व्हावे लागत नाही. ओपीडीत जाऊन बोलणे, समुपदेशन आणि गरज असेल तर गोळ्या, एवढ्याने पुष्कळ जण बरे होतात. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे, इंदापूरकरांना ते एसटीच्या टप्प्यात आहे. घरातून बाहेर पडणे शक्य नसेल, तर सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. कुणी ‘मी नसलेलो बरा’ असे बोलू लागले, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

घरच्यांनी वागायचे कसे, हे पाहायचे असेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा मराठी चित्रपट पाहावा. २०१७ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्यातली बाई आजारी तरुणाला घरात घेते, पण त्याच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लावत नाही.

तरीही दोन प्रश्न विचारायला हवेत. डॉक्टरांच्या प्रश्नावलीची सुरुवातही त्यांनीच होते. गेल्या दोन आठवड्यांत तुला सारखे उदास, हताश वाटते आहे का? आणि ज्या गोष्टी आवडायच्या, त्यांत आता मन लागत नाही का? तरावीहून परतताना, शीरखुर्म्याची वाटी पोहोचवायला शेजारी गेल्यावर, कॉलेजच्या आवारात किंवा उसाच्या बांधावर हे कुणालाही विचारता येते. उत्तर ‘हो’ आले, तर उपदेश न करता एवढेच म्हणावे, ‘‘चल, डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो तुझ्याबरोबर.’’